अर्ध्या भाकरीची वाट

आमच्या घरात कुणाच्या सोयरिकीची बोलणी निघाली की मला आधी कुठेतरी कामाला लावतात. "मामा, मळ्यातली विहीर बघून या बरं, पाणी उतरल्यागत वाटतंय." त्या विहिरीत मी इतक्या वेळा डोकावलोय की आता मला बघून बेडकंसुद्धा बुडी मारत नाहीत. पाणी उतरलेलं नसतं. मला ते माहीत असतं, पाठवणाऱ्यालाही माहीत असतं. पण बैठकीतल्या एखाद्या पाहुण्याने मिशीवरून हात फिरवत "तसं काही लई लांब न्हाई" म्हटलं, की माझं डोकं फिरतं आणि मी माझ्या भाचीच्या लग्नाची हकीकत सुरू करतो. ती सुरू झाली की विडे सुकतात, पाहुणे चपला शोधायला लागतात आणि सोयरीक मोडते. आजवर दोन मोडल्या. तिसरी जुळली, कारण मी विहिरीवर होतो.

म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच काढावं. कागद मधेच उठून जात नाही.

आधी आमच्याकडची वाट मोजायची रीत सांगायला हवी. कोस आणि मैल हे सरकारच्या कामाचे. तहसीलचा माणूस कोसात बोलायचा, सडकेच्या दगडांवर मैल कोरलेले असायचे, पण आमच्या नेकनूरपासून दिंद्रुडपर्यंतचा सगळा गोतावळा वाट मोजायचा ती भाकरीने. सकाळी बैल जुंपले, वाटेत एकदा झाडाखाली फडकं सोडलं आणि दिवेलागणीला मुक्कामी पोचलो, तर ती एका भाकरीची वाट. जितक्यांदा फडकं सोडाल तितक्या भाकरी. माणसागणिक एका वेळी एक भाकरी धरायची. हा शेवटचा नियम माझ्या आकारमानाच्या माणसाला जाचक आहे, पण नियम करताना मला कुणी विचारलं नव्हतं.

माझी थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची आक्का, दिंद्रुडला दिलेली. नेकनूरहून दिंद्रुड तीन भाकरींची वाट. आमची आई आजारी पडली तेव्हा सांगावा घेऊन गडी गेला, तो पोचल्या पावली आक्का निघाली. तिसरी भाकरी तिने फडक्यातून बाहेरच काढली नाही. तिची गाडी वेशीत आली तेव्हा आम्ही नदीवरून परतत होतो. त्या दिवशी ती रडली नाही. ओल्या कपड्यांत उभ्या असलेल्या आम्हा भावांकडे बघून म्हणाली, "माझी लेक मी एका भाकरीच्या पल्याड देनार न्हाई. सोन्याचं घर असलं तरी न्हाई." तिच्या सासरच्यांनी, म्हणजे आमच्या दाजींनी आणि त्यांच्या थोरल्या चुलत्यांनी, तो शब्द मान्य केला. त्या घरात आक्काचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. मोडला नाहीच कुणी. वाकवला.

तो वाकवणारा गृहस्थ म्हणजे दाजींचा मावसभाऊ. बीडला एका कचेरीत कारकून. हैदराबादला दोनदा जाऊन आलेला, आणि तेवढ्या भांडवलावर जन्मभर शेरवानी घालून फिरणारा. उन्हाळ्यातही घालायचा. घामाने काळी शेरवानी पाठीवर पांढरी पडायची, पण गुंडी म्हणून सुटायची नाही. मी त्याला शेरवानीवाले म्हणतो. याहून वाईट नावंही माझ्यापाशी आहेत, पण ती लेखी नकोत.

भाचीसाठी शेरवानीवाल्यांनी स्थळ आणलं ते थेट हैदराबादचं. मूळ घर बीडकडचंच, दोन पिढ्यांपूर्वी तिकडे गेलेलं. मुलगा शिकलेला, सरळ, विमानं उतरतात त्या मैदानावरच्या कचेरीत मुन्शी. दाजींच्या ओसरीवर बैठक बसली. आक्का माजघराच्या दाराआड. मी मुलीचा मामा म्हणून खांबाला टेकून, नवा फेटा बांधून. फेटा जरा जास्तच झाला होता. त्यामुळे माझ्या मागे बसलेल्या तिघांना काही दिसत नव्हतं.

"किती भाकरींची वाट?" थोरल्या चुलत्यांनी पहिलाच प्रश्न टाकला. म्हातारा नियमाचा पक्का होता.

"भाकरी?" शेरवानीवाले हसले. "काका, फडकं सोडायला फुरसत तर मिळायला पायजे! औरंगाबाद ते हैदराबाद विमान दोन-अडीच तासांत जातं. आन् मुलगा तिथलाच मुलाजिम. घरचं विमान समजा."

"दोन-अडीच तास म्हंजी किती?"

"सकाळी आऊत धरता अन् न्याहारीला सोडता, तेवढं."

चुलते विचारात पडले. आयुष्यभर आऊत धरलेला माणूस, त्याला तेवढा वेळ हाताच्या घट्ट्यांत माहीत होता. त्यांनी दाजींकडे बघितलं. "तेवढ्यात तर एक बी भाकर होत न्हाई."

"अर्धी धरा," शेरवानीवाले उदारपणे म्हणाले.

"अर्धी धरली," चुलते म्हणाले. आणि ओसरीवरचा प्रत्येक शहाणा माणूस मान डोलवायला लागला. एका भाकरीची अट, वाट निघाली अर्धीची. नियम पाळून वर अर्धी भाकरी शिल्लक! असा व्यवहार दिंद्रुडच्या बाजारातसुद्धा कुणी केला नव्हता.

मी विचारलं, "ते विमान दिंद्रुडला थांबतं का?"

"थांबायला ती काय बैलगाडी हाय काय बे?" शेरवानीवाले म्हणाले आणि सगळी ओसरी हसली. माझ्या फेट्यामागचे तिघंसुद्धा हसले, ज्यांना समोरचं काही दिसतही नव्हतं. "पण जातं मात्र ऐन ह्या डोक्यावरच्या माळवदावरून. औरंगाबाद अन् हैदराबादच्या मधी रेघ मारा. रेघ तुमच्या चुलीवरून जाती."

"अहो, पण औरंगाबादला जायचं कसं इथून? तीच वाट तीन-चार भाकरींची..."

"पाव्हणं," थोरले चुलते मला म्हणाले, "मामानं लग्नात मुलीमागं उभं ऱ्हायाचं असतं. मधी न्हाई."

मी गप्प बसलो असं इथे लिहिता आलं असतं तर शोभलं असतं. मी गप्प बसलो नाही. मी बराच वेळ बोललो, उभा राहून बोललो, आणि बोलता बोलता फेट्याचा शेव खांबाच्या खुंटीला अडकून निम्मा फेटा सुटला. सुटलेल्या फेट्याच्या माणसाचं म्हणणं कुठल्याच बैठकीत कुणी ऐकत नाही.

शेवटी दाराआडून आक्काने विचारलं. तिचा प्रश्न एकच होता. "भावजी, मी दुखन्याला पडले तर माझी लेक यील का वेळंवर?"

"वहिनी, बिल्कुल फिकीर करू नका. सकाळी तार केली की दुपारी लेक दारात."

मग आतून बांगड्या वाजल्या आणि गुळाचा खडा बाहेर आला. म्हणजे ठरलं.

आता हे नीट बघा. त्या माणसाच्या बोलण्यात खोटा शब्द एकही नव्हता. विमान होतं. दोन-अडीच तासही खरे होते. रेघसुद्धा खरी, पुढे मी एका मास्तरांच्या भिंतीवरच्या नकाशावर दोरी ताणून बघितली, दिंद्रुड जवळजवळ दोरीखालीच येतं. लबाडी होती ती त्या दोन तासांच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या वाटेविषयी काहीच न बोलण्यात. विहीर किती खोल असं विचारावं आणि समोरच्याने पाण्याची खोली तेवढी सांगावी, दोर किती लागेल ते सांगूच नये, अशातली गत. तहानलेला माणूस दोराने मोजतो हो! पण हे मला सुचलं ते पाच वर्षांनी, विहिरीत डोकावताना. बैठकीत सुचलं असतं तर भाची जवळ राहिली असती. अक्कल आणि मुऱ्हाळी, दोघं नेहमी उशिराच पोचतात.

मुऱ्हाळी मीच होतो. सासरहून लेकीला माहेरी आणायला जो जातो तो मुऱ्हाळी. आणि पहिलं बाळंतपण माहेरीच, हा तर सगळ्या मुलखाचा रिवाज. आषाढात हैदराबादहून पत्र आलं की भाचीला सातवा लागला. आक्काने मला नेकनूरहून बोलावून घेतलं, कपाळाला गंध लावलं आणि सांगितलं, "जा. इमानानं घेऊन ये. ठरल्यापरमाणं."

ठरल्याप्रमाणे! मी आधी उलट्या पावली बीड गाठलं आणि शेरवानीवाल्यांच्या दारात उभा राहिलो. "विमानाचा इंतजाम करा."

"कसलं विमान?"

"दुपारी लेक दारात, ते."

ते कान कोरत होते. कोरणं पुरं केलं, काडी शेरवानीला पुसली आणि म्हणाले, "अहो, ते असं उठलं की बसलं न्हाई ऱ्हात. दरख्वास्त द्यावी लागती. तुमी औरंगाबादला जाऊन चौकशी करा ना."

"मी हैदराबादला चाललोय. ते उलट्या दिशेला आहे."

"मंग तिथंच करा चौकशी," ते म्हणाले. "जावई हायेच की."

मी निघालो. बीडहून परत दिंद्रुड, दिंद्रुडहून छकड्यात परळी, परळीहून आगगाडी, परभणीला गाडी बदलायची. लिहायला एक ओळ लागली. पण आषाढातली आमची काळी जमीन ज्याने बघितली नाही त्याला काय सांगावं! चाकाला माती धरते, त्या मातीला माती धरते, आणि शेवटी चाक फिरायचं थांबून नुसतं घसटत राहतं. दोनदा मी उतरून मागून लोटली. तिसऱ्यांदा गाडीवानच म्हणाला, "मामा, तुमी नुसतं उतरा. लोटू नका. तुमी उतरलं तरी लई झालं." एका ओढ्याच्या काठी पाणी उतरायची वाट बघत आम्ही दोघांनी दोनदा फडकं सोडलं. आणि तिथे बसलेलो असतानाच डोक्यावरून आवाज आला. ढगांमधून एक विमान औरंगाबादच्या अंगाने आलं आणि हैदराबादच्या अंगाला गेलं. मी भाकरीचा घास हातात धरून बघतच राहिलो. गाडीवान म्हणाला, "ते बगा, तुमचं घरचं इमान." गाडीवानापर्यंतसुद्धा गोष्ट पोचली होती.

हैदराबादला भाचीचं घर म्हणजे एका गल्लीतल्या दोन खोल्या आणि पुढे ओटा. घर नीटनेटकं. विहीणबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं. लेकीला मूल होईपर्यंत आईबापाने तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही असा आमच्याकडे कडक नेम आहे. मामाला तो लागू नाही. याबद्दल मी पूर्वजांचा ऋणी आहे.

जेवण झाल्यावर विहीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. "मामा, तुम्ही आलात, रिवाज केलात. पण ह्या दिवसांत पोटुशी पोर मी छकड्यात बसवायची न्हाई. तुमच्या अंगावरचा चिखलच सांगतोय वाट कशी हाय ते."

विहीण खोटं बोलली तर भांडता येतं. खरं बोलणाऱ्या विहिणीपुढे माणसाने काय करावं? मी चिखल खरवडत बसलो.

भाची मात्र हसत होती. तिचा स्वभाव तिच्या आजीचा. "मामा, इथून इमान उडलं की मला आवाज येतो. मी मनातल्या मनात म्हणते, आता हे आईच्या माळवदावरून जाईल. यांना म्हटलं, तुमच्या त्या उडवणाऱ्या साहेबाला सांगा, एक गाठोडं टाकीत जा म्हणावं खाली. मीच बसते म्हणलं गाठोड्यात!" आणि हसता हसता तिने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. ती का गेली हे ओळखण्याइतकी अक्कल माझ्यापाशी वेळेवर होती. नेमकी तेव्हाच असायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी जावयाने मला सायकलवर मागे बसवून मैदानावर नेलं. परत आणताना चालत आणलं, कारण मागचं चाक बसलं होतं. मैदान म्हणजे एक मोठं सपाट रान, एका कडेला पत्र्याचा आडोसा, आणि काठीला बांधलेली कापडी पिशवी वाऱ्याने फुगलेली. मला वाटलं होतं काहीतरी देवळासारखं असेल. एक विमान उभं होतं. मी त्याला हात लावून बघितला. आत चार माणसं बसतील एवढी जागा. आमच्या बैलगाडीत नऊ बसतात, दाटीवाटीने अकरा.

"हे औरंगाबादला जातं?"

"जातं की मामा. कुणी बडा साहेब निघाला तर. कुणी पाव्हणे लेणी बघायला निघाले तर."

"आणि आपल्यासारखी माणसं?"

जावई बिचारा कानापर्यंत लाल झाला. "मामा, मी रोज ह्याच्या येण्याजाण्याची नोंद करतो. आजवर आत बसलेलो न्हाई."

"मग लग्नात ते दोन-अडीच तास कुणी सांगितले?"

"त्यांनी मला विचारलं, विमानाला किती वेळ लागतो. मी सांगितलं. कुणाला लागतो, असं त्यांनी विचारलं न्हाई."

त्या पोरावर मला रागावता आलं नाही आणि त्यामुळे आणखीच राग आला. समजा, बसलीच असती भाची. समजा, साहेबाच्या शेजारी पदर सावरून बसली असती. तरी काय झालं असतं? दोन तासांत ती आईच्या डोक्यावरून, ऐन माळवदावरून पुढे निघून गेली असती औरंगाबादला! आणि मग तिथून मोटारीने बीड, बीडहून बैलगाडीने दिंद्रुड, उलटी, चिखलातून, जिथून वरून आली तिथेच खालून यायला. आईचं घर ओलांडून मग आईच्या घराकडे निघायचं. असल्या वाटेला अर्धी भाकरी म्हणणाऱ्या माणसाला काय म्हणावं?

रिकाम्या हाताने मुऱ्हाळी परत आला की गावात जे होतं ते झालं. वेशीतल्या माणसाने गाडीत डोकावून बघितलं आणि काही न विचारता बाजूला झाला. विचारलं असतं तर बरं. आक्का दारात उभी होती. मी सगळं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"जाताना किती भाकरी लागल्या?"

"चौदा."

दाजी म्हणाले, "तुझ्या चौदा म्हंजी माणसाच्या सात."

"सात," आक्का म्हणाली. तिने बोटं मोजली नाहीत. ओसरीच्या खांबाकडे बघत राहिली, जिथे बैठकीत मी टेकून बसलो होतो. मग म्हणाली, "आयला मी तिसऱ्या भाकरीला गाठू शकले न्हाई. ही तर सातवी हाय. म्हंजी लेकीनं यायाची वाट बगायची न्हाई. मीच आधी जाऊन बसते."

दाजी उठूनच उभे राहिले. "येडी झालीस का? मूल व्हायच्या आधी लेकीच्या घरी जाऊन ऱ्हातात का? खाशील काय? तिच्या घरचं पानी तरी चालतं का?"

"तिच्या घरचं कावून खाईन? माझं मी नेते."

थोरल्या चुलत्यांना विचारलं. म्हाताऱ्याने बराच विचार केला आणि नियमात काही सापडलं नाही. तिच्या घरचं खायचं नाही एवढंच नियम म्हणतो. ओट्यावर बसून आपलं आपण खाऊ नये, असं त्यात कुठेच नव्हतं. शिवाय अर्ध्या भाकरीचा निवाडा आपणच दिला होता, हे त्यांना आठवत असावं. मान खाली घालूनच ते म्हणाले, "जाऊ दे तिला."

भादव्यात, नववा लागायच्या आधी, आक्काने भाकरी थापायला घेतल्या. आमच्याकडे ज्वारीची भाकरी पातळ थापून, भाजून, चुलीच्या आधाराने वाळवतात. ती पापडासारखी कडक होते आणि महिना महिना टिकते. दुरडी भरली. वर काळ्या तिखटाची पुरचुंडी, शेंगदाण्याच्या चटणीचं मडकं. ती दुरडी घेऊन आम्ही निघालो, बहीण आणि भाऊ. परळीच्या फलाटावर एका पोलिसाने विचारलं, "भाकरी विकायला चालल्या का बाई?" आक्का म्हणाली, "वाट मोजायला चालले." पोलिसाने माझ्याकडे बघितलं. मी फेट्याचा शेव नीट केला.

हैदराबादेत ती घरात गेली, लेकीला पोटाशी धरलं, आणि जेवणवेळ झाली तशी बाहेर येऊन ओट्यावर बसली. दुरडीतून भाकरी काढली, मोडली, चटणीत लावून कुडुमकुडुम खायला लागली. विहीणबाई दारात येऊन उभ्या. "अहो, लोक बघतायत! आत या, निदान पाणी तरी घ्या."

"पानी मी नळाचं घेतलंय. नळ सरकारचा हाय, जावयाचा न्हाई."

रोज दोन वेळा हा कार्यक्रम. सगळी गल्ली जमायची. समोरच्या घरातल्या एक मुसलमान आजीबाई आधी लांबून बघायच्या, मग ओट्यावर येऊन बसायला लागल्या. आक्काला त्यांची उर्दू कळायची नाही, त्यांना आक्काची मराठी कळायची नाही. दोघी आपापल्या भाषेत जावई, सून आणि विमान यांना नावं ठेवायच्या आणि त्यांचं अगदी एकमत असायचं. आजीबाई म्हणाल्या, "बेटी, हमारे घर का पानी तो पी ले, हम तेरे समधी थोड़ी हैं." आपण काही व्याही नव्हे, हे त्यांचं म्हणणं मात्र आक्काला बरोबर कळलं. त्या दिवसापासून तिचं पाणी तिथून यायला लागलं. मी आत ताटावर बसून गरम पोळी खात असे आणि बाहेरून ती कुडुमकुडुम ऐकू येत असे. इतकं अवघड जेवण मी आयुष्यात जेवलो नाही. जेवलो मात्र पोटभर.

भाकरी संपत आल्या, तशी मला निराळीच काळजी लागली. भाचीचे दिवस भरले होते, पण काही होईना. आक्का दिवसाला एकच खायला लागली, मग निम्मी. शेवटी दुरडीत एक उरली. तिची अर्धी तिने सकाळी खाल्ली आणि त्याच दुपारी भाचीपाशी बसलेल्या आजीबाईंनी आतून हाक मारली, तशी आक्का धावत आत गेली. मुलगी झाली. दोघी सुखरूप. आईच्या हाताशी आई होती, आणि ते कुठल्या तारेने किंवा रेघेने झालं नव्हतं.

विहीणबाईंनी त्या संध्याकाळी पहिल्यांदा ताट आणून आक्कापुढे ठेवलं. आता नेम फिटला होता. आक्का आत येऊन बसली आणि वरणभाताचा पहिला घास घेताना तिचे डोळे भरले. विहिणीचेही. माझेही भरले असते, पण मी दुसऱ्यांदा भात वाढून घेत होतो.

जेवण झाल्यावर मी दुरडी आवरायला गेलो. तिच्यात अर्धी भाकरी तशीच होती. "ही टाकू का गायीला?"

"ऱ्हाऊ दे," आक्का म्हणाली. फडक्यात बांधून तिने ती कमरेला खोचली.

महिन्याने आम्ही दिंद्रुडला परतलो. भाची सासरीच राहिली. तान्ह्या पोरीला घेऊन सात भाकरींची वाट कोण तुडवणार? परतल्यावर आठ दिवसांत शेरवानीवाले हजर. नातीच्या पेढ्यांसाठी आले असं म्हणाले. पेढे खाऊन झाल्यावर घसा खाकरून म्हणाले, "तुमच्या धाकट्या लेकीसाठी एक स्थळ हाय, वहिनी. मुंबईचं. आता मुंबई म्हंजी लांब वाटतं, पण विमानानं..."

मी उठलो. दाजींनी माझा हात धरून मला खाली बसवलं. थोरले चुलते जमिनीकडे बघत होते. माजघरात बांगड्या वाजल्या. शेरवानीवाल्यांना वाटलं, गूळ येतोय.

आक्का दाराआडून नाही, दारातून बाहेर आली. हातात ताट. ताटात ती अर्धी भाकरी. दगडासारखी झालेली, कडेला चटणीचा काळा डाग. ताट तिने त्यांच्यापुढे ठेवलं.

"हे काय, वहिनी?"

"शिदोरी. तुमाला बीडला जायाचं ना? बीड तर हैदराबादपरीस जवळ. ही अर्धी पुरून उरंल. माझी हैदराबादेत उरलीच."

ओसरीवर कुणी हसलं नाही. मी हसलो असतो, पण फेटा सुटायची भीती वाटली. शेरवानीवाल्यांनी भाकरी उचलली, उलटसुलट केली आणि खिशात घातली. माणूस निर्लज्ज, पण वाढलेलं अन्न ताटात टाकू नये एवढं त्याला माहीत होतं, हे मी त्याच्या बाजूने लिहून ठेवतो. निघताना त्याने मला विचारलं, गाडी नेकनूरकडे चाललीय तर बीडपर्यंत येऊ का. मी आणलं त्याला. वाटेत मी माझं फडकं सोडलं, चार भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. तो माझ्याकडे बघत होता. मी दोन खाल्ल्या. तिसरी खाताना त्याच्याकडे पाठ फिरवली. चौथी त्याला दिली, कारण शेवटी आमच्याकडे वाटेतली भाकरी एकट्याने खाल्ली तर ती वाट संपत नाही म्हणतात, आणि त्याच्यासोबत ती वाट आणखी लांबवायची माझी तयारी नव्हती.

धाकटीला एका भाकरीच्या वाटेवर दिली. ती सणावाराला येते, भांडून जाते, पुन्हा येते. थोरली वर्षाआड येते, लेकीला घेऊन, परळीहून छकड्यात, पाठ धरून. आणि विमानं अजून जातात, ऐन दिंद्रुडवरून. आवाज आला की आक्का हातातलं काम टाकून माळवदावर चढते आणि आभाळाकडे बघून त्याला शिव्या देते. दाजी खालून ओरडतात, "आगं, त्याला ऐकू जातं का?" ती खाली उतरत नाही. पण शिव्या मात्र हळू आवाजात देते. एखादवेळी जावई आत बसलेला असला तर, म्हणून.